कर्जालाही जात असते

दरवर्षी १ एप्रिल आला की आपल्या ग्रुपवर एकच पोस्ट फिरते : रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथावर उभी राहिली. पोस्टखाली जय भीमचा पाऊस पडतो. पण त्या ग्रंथात बाबासाहेब नेमके कोणाशी भांडत होते, असे कोणी विचारले की ग्रुप शांत होतो. अभिमानाला आमचा विरोध नाही. मात्र वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ज्यांनी चलनासारख्या किचकट विषयावर केन्सच्या मताला आव्हान दिले, त्यांच्या अनुयायांनी पैशाचा इतिहास 'आपला विषय नाही' म्हणून बाजूला ठेवावा, हे आम्हाला पटत नाही. आमच्या मते हाच आपला विषय आहे, कारण आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर बांधून ठेवणारी दोरी जितकी धर्माची होती तितकीच कर्जाची होती.

सध्या या विषयावरचे जगभर गाजलेले पुस्तक म्हणजे डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञाचे २०११ साली आलेले 'डेट'. आधी वस्तुविनिमय होता, मग नाणे आले, मग उधारी आली, ही शाळेत शिकवलेली गोष्ट तो उलटी करतो. उधारी जुनी, नाणे नंतरचे. प्राचीन मेसोपोटेमियातले राजे अधूनमधून कर्जे रद्द करत आणि कर्जापायी गुलाम झालेल्या माणसांना घरी जाऊ देत, हेही तो दाखवतो. 'घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे' हे वाक्य नीतीचे वाटते, पण बहुतेक वेळा ते ताकदवानाच्या सोयीचे असते, हा त्याचा मुद्दा. हैतीचेच पाहा. तिथल्या गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली. पुढे रक्कम कमी झाली, तरी ती भागवण्यासाठी काढलेल्या कर्जांचा हिशेब विसाव्या शतकापर्यंत चालू राहिला. गुलामाने आपल्याच सुटकेची किंमत मालकाला द्यायची!

ग्रेबर भारतालाही स्पर्श करतो, पण तो जगाच्या फेरीतला एक थांबा आहे. आपल्याला मात्र इथेच थांबून नीट पाहावे लागते. मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडा. ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच व्याज घ्यावे, असा तिथे दर ठरवून दिला आहे. म्हणजे वर्षाला एकाला २४ टक्के आणि दुसऱ्याला ६०. ज्याच्याकडे कमी, त्याला महाग. पुढे आणखी एक नियम येतो. ऋणको सावकाराच्या बरोबरीचा किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनत करून कर्ज फेडावे. वरच्या जातीचा असेल तर सवडीने, थोडे थोडे द्यावे. त्यात दहाव्या अध्यायातला, शूद्राने धनसंचय करू नये हा आदेश मिळवा. महाग कर्ज, साठवायला बंदी आणि फेड शरीराने. वेठबिगारीचा सगळा आराखडा या तीन नियमांत आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले, ते व्याजदराचेही पुस्तक होते, हे आपल्या भाषणांत फारसे येत नाही.

इंग्रज आले तेव्हा कायदा बदलला. लेखणी ज्यांच्या हाती होती ते बदलले नाहीत. रयतवारीत सारा रोख भरायचा, त्यासाठी सावकार. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा भाव चढला, तेव्हा कर्ज सहज मिळाले. १८६५ नंतर भाव कोसळला, कर्ज तसेच राहिले. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. कायदा ऋणकोच्या हिताचा म्हणून आणलेला, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेऊ लागला. निरक्षर कुणबी अंगठा उठवायचा आणि कोर्टात त्याच्या गैरहजेरीत हुकूमनामा व्हायचा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि खातेवह्या, जाळण्यासाठी. सरकारने आयोग नेमला, १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा सावकाराबरोबर कुलकर्णी, कारकून आणि कोर्टातला भटशाही कारभारही कठड्यात उभा केला. आयोगाला कर्ज दिसले, जोतीरावांना कर्जामागची लेखणी दिसली.

या सगळ्यात महार-मांग कुठे आहेत? सावकाराला गहाण द्यायला ज्याच्याकडे स्वतःची जमीनच नाही, त्याचा रोखा तरी कुठून असणार? त्याच्याकडे गहाण टाकायला स्वतःचे हातपायच होते. म्हणून दंगलींचा इतिहास कितीही वाचला तरी आपला इतिहास त्यात अर्धाच सापडतो.

आता पुन्हा १९२३ च्या त्या ग्रंथाकडे येऊ. चांदी घसरल्याने रुपया सोन्याच्या तुलनेत उतरत होता. स्वस्त रुपयाने निर्यात वाढते, गिरण्यांना फायदा होतो, म्हणजे देशाचा फायदा, असे त्या काळी म्हटले जाई. बाबासाहेबांचा प्रश्न साधा होता : हा फायदा आला कुठून? रुपया उतरला की वस्तू महागतात, मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. मालकाच्या खिशात जे जाते ते मजुराच्या ताटातून जाते; देश म्हणून काहीच वाढलेले नसते. म्हणून नाणी पाडण्याची सत्ता सरकारच्या मर्जीवर सोडू नये, तिला कायद्याची मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह. पुढे त्यांनी हिल्टन यंग आयोगासमोर साक्षही दिली. रिझर्व्ह बँकेच्या पोस्टपेक्षा हा प्रश्न आम्हाला मोठा वाटतो. महागाई वाढली आणि कोणी 'अर्थव्यवस्था जोरात आहे' म्हणाले, की तो आजही विचारता येतो.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते आणखी पुढे गेले. शेती राज्याच्या मालकीची, गावकऱ्यांना जातभेद न करता कसायला दिलेली, बियाणे-खत-जनावरे-पाणी राज्याने पुरवायचे. म्हणजे जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही आणि सावकाराच्या दारात जाण्याचे कारणही नाही. विमा राज्याच्या हाती द्यायचा, म्हणजे राज्यालाच चढ्या व्याजाने बाजारातून कर्ज काढावे लागणार नाही. मूळ मालकांना मोबदला रोख्यांच्या रूपात द्यायचा, हेही त्यात आहे.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. बीडकडचा ऊसतोड मजूर मात्र हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून नोंदले जातात आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडतात. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या वहीत चढते. त्या फडावर कोणत्या जातींची माणसे आहेत, वही कोणाच्या हातात आहे आणि कारखाना कोणाचा आहे, हे यंदाच्या हंगामात आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव लिहून आणावे, असे आमचे म्हणणे आहे.