मिठाच्या कणाएवढी मात्रा

१९ एप्रिल १९४३. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने एका पदार्थाचे ०.२५ मिलिग्रॅम पाण्यातून घेतले. हा पदार्थ म्हणजे एलएसडी. राय या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीतील रसायनांवर काम करताना त्यांनीच तो १९३८ साली बनवला होता. (आपल्या बाजरीवरचा अरगट या बुरशीचा भाऊबंद, त्याची विषद्रव्ये मात्र वेगळी.) तीन दिवसांपूर्वी तो नकळत अंगात गेला असावा, अशी त्यांना शंका होती. इतक्या अल्प मात्रेने फारसे काही होणार नाही, हा त्यांचा हिशेब साफ चुकला.

युद्धकाळ असल्याने मोटार नव्हती. साहाय्यकासोबत ते सायकलवरून घरी निघाले. सायकल जागची हलतच नाही असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ती वेगात चालली होती. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना चेटकीण भासली. डॉक्टरांनी तपासले, तर नाडी, श्वास, रक्तदाब ठीक. फक्त बाहुल्या विस्फारलेल्या!

ही शेवटची नोंद आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. मेंदूतील सेरोटोनिनच्या ग्राहकांवर बसून हा पदार्थ आठ-दहा तास भास घडवतो, पण शरीरावर खूण अशी फारशी दिसत नाही. मग लघवीत शोधावे काय? १०० मायक्रोग्रॅम मात्रेपैकी जेमतेम १ टक्का मूळ रूपात लघवीवाटे बाहेर पडतो. दिवसभराच्या दीड लिटर लघवीत दर मिलिलिटरला किती नॅनोग्रॅम येतील, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर काढायला सांगावे. उत्तर एकाहून कमी येते.

अतिनील प्रकाशात एलएसडी निळसर चमकतो. या गुणाचा उपयोग करून अघाजानियन व बिंग यांनी १९६४ साली रक्तद्रवातील त्याचे प्रमाण मोजले. ते सुमारे तीन तासांत निम्मे होत होते. पुढे प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या आल्या. त्या झटपट आणि संवेदनशील खऱ्या, पण फसतात. अॅम्ब्रोक्सॉल या खोकल्याच्या साध्या औषधामुळे अशी एक चाचणी एलएसडी दाखवते, हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. खोकणाऱ्या माणसाच्या माथी नशेचा ठपका! म्हणूनच मास स्पेक्ट्रोमीटरने पडताळा घेतल्याशिवाय पहिल्या चाचणीवर कोणाला दोषी धरणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

पडताळ्यात मूळ पदार्थाबरोबर शरीराने त्यापासून बनवलेले २-ऑक्सो-३-हायड्रॉक्सी-एलएसडी हेही शोधतात. लघवीत ते मूळ पदार्थाच्या कितीतरी पट असते आणि अधिक काळ सापडते. नमुन्याची बाटली मात्र उजेडात ठेवून चालत नाही. ज्या अतिनील प्रकाशात एलएसडी चमकतो, त्यानेच त्याचे विघटनही होते.