वातारासे नदीचें पाणी आणि आशिओ खाणीचे कागद

जुने कागद चाळून नदीच्या पाण्याची परीक्षा करतां येईल काय, हा प्रश्न सकृद्दर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु जपानांतील आशिओ येथील तांब्याच्या खाणीचें प्रकरण पाहिलें म्हणजे रसायनशास्त्रज्ञाचें पृथक्करण व दप्तरांतील कागद हीं एकमेकांवांचून पांगळीं आहेत, अशी आमची खात्री होते.

आशिओस तांबें सांपडलें तें इ. स. १६१० त. सतराव्या शतकांत जपानी तांबें वलंदेज लोक नागासाकीहून नेत व त्यांपैकीं कांहीं सुरतेसही उतरे. तेव्हां आमच्या वाचकांस हा माल अगदींच परका नाहीं. पुढें मोडकळीस आलेली ही खाण १८७७ सालीं फुरुकावा इचिबेई यानें विकत घेतली. दहा वर्षांच्या आंत तेथें मोठ्या शिरा लागल्या.

तेथील अशुद्ध तांब्यांत गंधक असतें. खडक फोडून उघडा पडला कीं हवा व पाणी यांच्या योगानें गंधकाम्ल बनतें आणि तें तांबें विरघळवून ओढ्यांत नेतें. धातु धुतांना निघणारा बारीक गाळ तो निराळाच. भट्ट्यांच्या धुरानें व लांकूडतोडीनें डोंगर उघडे पडले, पूर वाढले, व तो गाळ शेतांवर पसरूं लागला. १८८५ च्या सुमारास वातारासेंतील मासे मरूं लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं लागल्या. १८९० च्या महापुरानें शेतें नासलीं. तोक्योच्या कृषिविद्यालयाचे कोझाई योशिनाओ यांनीं माती व पाणी तपासून दोष तांब्याचा आहे असें ठरविलें. १८९१ त तानाका शोझो यांनीं प्रतिनिधिसभेंत सरकारास जाब विचारला.

यापुढील कागद मात्र जपून वाचले पाहिजेत. १८९२ पासून मालकानें गांवोगांव समजुतीचे लेख करून घेतले. थोडी रक्कम द्यावयाची. मोबदला म्हणून, गाळ धरण्याच्या नव्या यंत्राची परीक्षा होईतों, म्हणजे जून १८९६ अखेरपर्यंत, शेतकऱ्यांनीं तक्रार करूं नये. तेव्हां या मुदतींत तक्रारी विरळ दिसतात म्हणून पाणी निवळलें होतें, असें अनुमान कोणी काढील तर तें फसवें होय. फारखतींत वाद मिटल्याची कबुली असते. वादाचें कारण मिटल्याची नसते, हें आपल्याकडील दप्तरें पाहणारांस सांगावयास नको. १८९६ च्या पुरांनीं त्या लेखांची किंमत उघड केली. १८९७ त शेतकरी तोक्योवर चालून गेले. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें आणि मे महिन्यांत खाणीवर गाळ बसविण्याचे हौद व गाळण्या बांधण्याचा हुकूम सोडला. १९०० च्या फेब्रुवारींत असाच एक जमाव कावामाता येथें पोलिसांनीं मोडला.

संग्राहकांच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा कागद १० डिसेंबर १९०१ चा. सभेचें सभासदत्व सोडून तानाकांनीं मेइजी बादशहाच्या गाडीपुढें अर्ज घेऊन धांव घेतली. मसुदा कोतोकु शूसुई यांचा. त्यांत तानाकांनीं स्वहस्तें दुरुस्त्या करून त्यांवर शिक्के मारले. काळ मेइजी ३४ असा, म्हणजे राजाच्या कारकीर्दीनें मोजलेला. पहारेकऱ्यांनीं त्यांस धरल्यामुळें अर्ज बादशहाच्या हातीं पडला नाहीं. सानो येथील संग्रहालयांत तो जतन झाला व २०१४ त बादशहा आकिहितो यांनीं तो तेथें पाहिला. मसुदेकार एक व अर्जदार दुसरा असा भेद सांगणारा कागद क्वचितच मिळतो; तानाकांनीं भाषा कोठें बदलली, हें तपासणें हाच त्याचा खरा अभ्यास होय.

१९०२ त दुसरें मंडळ बसलें. शेतांतील तांबें मुख्यतः १८९७ च्या हुकुमापूर्वींचें, नदीच्या तळांत सांचलेलें असून चालू खाणीचा वांटा अल्प आहे, असा निर्णय त्यानें १९०३ त दिला. आमच्या मतें हा कालनिर्णय आहे, निर्दोषतेचा दाखला नव्हे. तळांतील गाळही आशिओचाच. तरी याच निर्णयावर पूर अडविण्याचा तलाव ठरला व १९०७ त यानाका गांवांतील उरलेलीं घरें पाडलीं गेलीं.

खाण १९७३ त बंद झाली. १९७४ त १५५ कोटी येन भरपाई ठरली. मार्च २०११ च्या भूकंपांत खाणीच्या जुन्या गाळाचा एक ढीग कोसळला, आणि वातारासेच्या पाण्यांत मानकाहून अधिक शिसें आढळलें.