बेळगावात भाड्याचे घर : डिपॉझिट, लीज आणि करार

टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागात फ्लॅट भाड्याने घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, डिपॉझिट आणि दरमहा भाडे. दुसरी 'लीज' : दोन-तीन वर्षांसाठी घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचे भाडे नाही, घर सोडताना रक्कम परत.

नुसते भाडे बघून हिशेब जमत नाही. समजा भाडे ८,००० रुपये, डिपॉझिट पाच महिन्यांचे आणि एजंटाची दलाली एका महिन्याची ठरली, तर पहिले भाडे धरून चावी हातात पडेपर्यंत ५६,००० रुपये लागतात. मेंटेनन्स, पाणी, हेस्कॉमचे वीजबिल वेगळे.

महाराष्ट्रात ११ महिन्यांचा भाडेकरारही नोंदवावा लागतो. इकडे कर्नाटकात तो स्टॅम्प पेपरवर नोटरी करण्याची पद्धत आहे. मात्र मुदत वर्षाच्या वर गेली, की १९०८ च्या नोंदणी कायद्याने उपनिबंधक कार्यालयात नोंदणी सक्तीची. म्हणून लीजवाल्यांनी जास्त जपावे. लाखांची रक्कम नुसत्या नोटरीवर सोडू नये. पैसे बँकेतून द्यावेत. रक्कम परतीची मुदत आणि रंगकामाची कपात करारात लिहून घ्यावी. करार कानडीत असेल तर सहीआधी कुणाकडून तरी वाचून घ्यावा.