संगणकाचे श्रेणीवर्धन आणि जुळणी

संगणकाचे श्रेणीवर्धन म्हणजे कंपनीने तयार विकलेल्या डेस्कटॉप संगणकातील काही सुटे भाग बदलून किंवा वाढवून त्याची कार्यक्षमता वाढविणे होय. याउलट प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण, वीजपुरवठा संच आणि कॅबिनेट हे भाग स्वतंत्रपणे विकत घेऊन संपूर्ण संगणक उभा करण्यास संगणक जुळणी म्हणतात. या दोहोंतील निवड बहुधा किमतीच्या अंगाने चर्चिली जाते. प्रत्यक्षात मात्र हाती असलेल्या यंत्रातील भाग सर्वमान्य मानकांनुसार बनविलेले आहेत की कंपनीच्या खासगी मापाचे, यावरच ती मुख्यत्वे ठरते.

नामकरण

महाराष्ट्राच्या बाजारपेठेत तयार संगणकास 'ब्रँडेड' आणि जुळवलेल्या संगणकास 'असेंबल्ड' म्हणण्याचा प्रघात आहे. जुळणी ग्राहकाने केली काय किंवा दुकानदाराने करून दिली काय, शब्द एकच वापरला जातो. बोलीभाषेत संपूर्ण कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हटले जाते. तांत्रिकदृष्ट्या सीपीयू म्हणजे केवळ प्रोसेसर. त्यामुळे 'सीपीयू बदलला' या वाक्याचे दोन अगदी निराळे अर्थ होऊ शकतात आणि दुरुस्तीच्या बिलावर तसा घोटाळा होतोही.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना खुली होती. त्यातील बहुतेक भाग इतर उत्पादकांकडूनही मिळू शकत असल्याने त्याबरहुकूम चालणारे संगणक अल्पावधीत तयार होऊ लागले. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयात व उत्पादनावरील निर्बंध सैल केले. एचसीएल, विप्रो आणि मुंबईची झेनिथ या कंपन्यांचे संगणक कार्यालयांत दिसू लागले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला आणि पुढील काही वर्षांत सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने हटले. मुंबईतील ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, आणि दिल्लीतील नेहरू प्लेस ही सुट्या भागांची मोठी केंद्रे बनली. जिल्ह्याच्या गावांतील दुकानदार तेथून माल आणून जुळणी करू लागले.

जुळणी सर्वांच्या आवाक्यात येण्यास कारणीभूत ठरले ते इंटेलने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेले एटीएक्स हे मानक. मदरबोर्डचे माप, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागील जोडण्यांची पट्टी आणि वीजपुरवठ्याची जोडणी यांत त्याने एकसूत्रता आणली. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो, हे आज गृहीत धरले जाते. ते या मानकामुळे शक्य झाले.

तयार संगणकाचे श्रेणीवर्धन

तयार संगणकात सर्वांत सुलभ बदल साठवणीचा असतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी साटा जोडणीची एसएसडी बसविल्यास दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्रही कार्यालयीन कामासाठी पुन्हा वापरण्याजोगे होते. पुष्कळदा 'संगणक जुना झाला' या तक्रारीचे मूळ प्रोसेसरमध्ये नसून मंद हार्ड डिस्कमध्ये असते. दुसरा बदल रॅमचा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असल्याने त्या परस्परांच्या जागी बसत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी मदरबोर्डचा नेमका प्रकार, त्यावरील मोकळ्या जागा आणि कमाल मर्यादा पाहणे आवश्यक असते.

खरी अडचण यापुढे सुरू होते. एसएमपीएस या नावाने ओळखला जाणारा वीजपुरवठा संच तयार संगणकात नेमका गरजेपुरता दिलेला असतो. कार्यालयीन यंत्रांत तो बहुधा १८० ते ३०० वॅटच्या दरम्यान असतो. मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून ग्राफिक्स कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डास एसएमपीएसमधून स्वतंत्र ६ किंवा ८ पिनांची तार लागते आणि ती तयार संगणकात अनेकदा नसतेच. अशा वेळी एसएमपीएस बदलावा, हा विचार स्वाभाविक होय. परंतु डेल, एचपी आणि लेनोवो यांच्या अनेक कार्यालयीन मालिकांमध्ये एसएमपीएसचे माप व मदरबोर्डकडे जाणारी जोडणी एटीएक्सप्रमाणे नसते. बाजारातील सर्वसाधारण संच तेथे बसत नाही, किंवा मध्यस्थ तार वापरून बसवावा लागतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही संगणकांत जोडणीचा आकार एटीएक्ससारखाच, पण तारांचा क्रम निराळा होता. आकार जुळतो म्हणून साधा संच लावल्यास मदरबोर्ड जळण्याचा धोका असे.

बारीक कॅबिनेटच्या यंत्रांत ही अडचण अधिक जाणवते. त्यांत केवळ कमी उंचीची कार्डे बसतात आणि हवा खेळण्यास जागा थोडी असते. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले असे संगणक 'रिफर्बिश्ड' म्हणून स्वस्तात विकले जातात. टंकलेखन, हिशेब आणि शालेय कामासाठी ते उत्तम ठरतात. नंतर त्यांत मोठे ग्राफिक्स कार्ड टाकू, या हिशेबाने मात्र ते घेऊ नयेत.

प्रोसेसर बदलण्यास मर्यादा मदरबोर्डची असते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यानंतर २०२० चे प्रोसेसरही चालू शकले. इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटबाबत उलट घडले. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटचे असूनही सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डांवर चालत नाहीत. एकदा मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली की श्रेणीवर्धन नावापुरतेच उरते. नव्या मदरबोर्डमागून नवा प्रोसेसर येतो, बहुधा नवी रॅम येते, खासगी मापाचे कॅबिनेट व एसएमपीएस निरुपयोगी होतात आणि विंडोजचा परवानाही हातचा जातो. कारण तयार संगणकासोबत मिळालेला विंडोजचा परवाना सामान्यतः त्याच मदरबोर्डशी निगडित असतो.

विंडोज ११ आणि जुनी यंत्रे

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर आवश्यक आहेत. इंटेलच्या बाबतीत ही यादी सामान्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे रॅम व एसएसडी घालून सुस्थितीत आणलेली अनेक यंत्रे अधिकृतरीत्या विंडोज ११ साठी अपात्र ठरतात. अशा यंत्रावर खर्च करण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी तपासणे अगत्याचे आहे. लिनक्स हा पर्याय उपलब्ध आहे. सी-डॅकने विकसित केलेल्या बॉस लिनक्समध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. तथापि हिशेबाची अथवा अक्षरजुळणीची जी आज्ञावली वापरात आहे ती लिनक्सवर चालते का, हे आधी पाहावे लागते.

स्वतः केलेली जुळणी

जुळणीचे यांत्रिक काम फारसे अवघड नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर, स्वच्छ मेज आणि दोन-तीन तासांचा निवांत वेळ पुरतो. प्रोसेसर व मदरबोर्डवरील सोनेरी खुणा जुळवून, जोर न लावता प्रोसेसर ठेवणे आणि भागांना हात लावण्यापूर्वी अंगातील स्थिर विद्युत धातूला स्पर्श करून उतरविणे, या दोन गोष्टी पाळल्यास नुकसान सहसा होत नाही. अवघड आहे ती निवड. नवशिक्यांकडून सर्वाधिक काटकसर एसएमपीएसवर होते आणि तीच सर्वांत महाग पडते, कारण निकृष्ट संच बिघडताना सोबत इतर भागही नेऊ शकतो.

सुट्या भागांचे भाव स्थिर नसतात. २०११ मध्ये थायलंडमधील महापुरानंतर हार्ड डिस्क महागल्या, २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डे दुर्मिळ झाली आणि २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. मोठ्या कंपन्या भाग घाऊक करारांनी घेत असल्याने अशा काळात तयार संगणक जुळणीपेक्षा स्वस्त पडू शकतो. 'असेंबल्ड नेहमीच स्वस्त' हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

हमी आणि बिल

तयार संगणकाची हमी एकसंध असते. बिघाड कोठे आहे हे शोधणे कंपनीचे काम. जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी निराळी असते आणि दोष कोणत्या भागात आहे हे मालकाला किंवा दुकानदाराला आधी सिद्ध करावे लागते. त्यासाठी प्रत्येक भागाचा क्रमांक लिहिलेले पक्के जीएसटी बिल जपून ठेवणे महत्त्वाचे असते. कर वाचविण्यासाठी घेतलेल्या कच्च्या चिठ्ठीवर हमीचा दावा करणे कठीण जाते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या भागांना भारतात हमी मिळेलच असे नाही.

खानदेशातील परिस्थिती

मोठ्या बाजारपेठांपासून दूरच्या गावांत या निवडीला स्थानिक कारणांची जोड मिळते. धुळे शहराचा देवपूर हा भाग पांझरा नदीच्या उत्तरेस असून तेथे अभियांत्रिकीसह अनेक महाविद्यालये आहेत. अशा विद्यार्थिबहुल वस्तीत अभियांत्रिकी आरेखनासाठी ग्राफिक्स कार्ड मागणारा विद्यार्थी, एमएस-सीआयटी वा संगणक टंकलेखनाचे वर्ग चालविणारा चालक आणि हिशेब ठेवणारा व्यापारी या तिघांच्या गरजा एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिल्यास जुळणी सोयीची. वर्गचालकास एकसारखी दहा-वीस यंत्रे हवी असतात. एकाचा भाग दुसऱ्यास लावता यावा म्हणून एकाच मालिकेचे तयार संगणक त्याला उपयुक्त ठरतात. व्यापाऱ्याची अडचण वेगळीच असते. पावत्या छापणारे जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जुन्या अक्षरजुळणी प्रणालींचे डोंगल समांतर पोर्टवर चालत. नव्या मदरबोर्डांवर तो पोर्ट सहसा नसतो. यंत्र बदलताना त्यासाठी स्वतंत्र कार्ड घ्यावे लागते, आणि प्रिंटरला चालणारी यूएसबीची तार डोंगलला चालेलच असे नाही.

मुंबई धुळ्याहून रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. बिघडलेला भाग बदलून येईपर्यंत काम अडू नये, यासाठी स्थानिक दुकानात सहज मिळणारे प्रमाणित मापाचे भाग निवडणे येथे अधिक मोलाचे ठरते.

हवामानाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. धुळीने भरलेला पंखा आणि सुकलेला थर्मल पेस्ट यांमुळे प्रोसेसर तापून आपला वेग आपोआप कमी करतो, आणि हे लक्षण पुष्कळांना यंत्र जुने झाल्याचे वाटते. उन्हाळ्यापूर्वी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढणे व पेस्ट बदलणे यांचा खर्च अल्प असतो. धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवतात, कारण हवेच्या जोराने तो मर्यादेपलीकडे फिरून खराब होऊ शकतो. जुन्या घरांत अर्थिंग नसल्यास कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. हा बहुधा संगणकाचा दोष नसून वायरिंगचा असतो आणि नवा संगणक घेऊनही तो जात नाही. वीज वारंवार जात असल्यास यूपीएस घेताना एसएमपीएसची क्षमता लक्षात घ्यावी लागते. ग्राफिक्स कार्ड वाढविल्यानंतर जुना यूपीएस अपुरा पडून वीज जाताच संगणक बंद होतो.