फियाटचे पंख

जुन्या गाड्यांमध्ये मला सगळ्यात देखणी वाटते ती आपली फियाट, म्हणजेच पद्मिनी. तिच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर छोटेसे पंख उठलेले असतात. कधी निरखून पाहिलेत?

ही कल्पना मूळची विमानाची. अमेरिकेचं पी-३८ हे लढाऊ विमान पाहून कॅडिलॅकच्या १९४८ च्या गाडीला तसे पंख लावले गेले. ती फॅशन इटलीत फियाटपर्यंत पोचली आणि १९६४ साली वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात उतरली.

गंमत पुढेच आहे. इटलीत १९६६ साली नवं मॉडेल आलं नि पंख गेले. आपल्याकडे ते २००० पर्यंत टिकले! परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी काढणं सोपं नव्हतं, आणि गिऱ्हाईक तर रांगेतच उभं होतं.

मग ती मला आवडते ती सुंदर म्हणून, की आमच्या गोंदियात डोळ्यांना दुसरं फारसं दिसलंच नाही म्हणून? मला वाटतं, दोन्ही. पण त्या टंचाईमुळेच आजोबा, बाबा आणि मी, तिघांच्याही आठवणीतली गाडी एकच आहे. आमच्या मुलांच्या बाबतीत असं होणार नाही.