मिस फरार, मुक्काम नगर

साल 1839. खंडाळ्याचा घाट मागे पडला, पुणं मागे पडलं, घोडनदी ओलांडली. बैलगाडी आता नगरच्या वाटेला लागली आहे. ओठांवर धुळीचा थर, अंग खिळखिळं झालेलं. तुमचं वय 44, लग्न केलेलं नाही. नाव सिंथिया फरार, जन्म अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या मार्लबरोचा.

तुम्ही हिंदुस्थानात काही नवख्या नाही. 1827 च्या जूनमध्ये बॉस्टनला जहाजावर चढलात ते डिसेंबरअखेर मुंबईला उतरलात. दहा वर्षं तिथे मुलींच्या शाळा सांभाळल्यात. 1837 मध्ये प्रकृती पार ढासळली आणि मायदेशी परतावं लागलं. तिथेच राहिला असतात तर कुणी नावं ठेवली नसती. पहिल्यांदा घर सोडताना पुढचं काही माहीत नसतं, आणि त्या अज्ञानाचाच मोठा आधार असतो. दुसऱ्यांदा निघताना सगळं माहीत असतं: ताप, पटकी, महिनोन्‌महिने न येणारी पत्रं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं 1831 मध्ये पडलं आणि पुढच्याच वर्षी मिशनरी विल्यम हर्वे तिथे पटकीनं गेले. हे ठाऊक असून तुम्ही आलात. मला तुमचं मोठेपण त्या पहिल्या प्रवासापेक्षा या दुसऱ्या प्रवासात दिसतं.

शाळा भरली आहे. जमिनीवर मुली बसल्यात, पुढ्यात धूळपाट्या. एकीच्या मांडीवर तिचा धाकटा भाऊ पेंगतोय; त्याला सांभाळायचं म्हणूनच तिला घराबाहेर पडू दिलंय. डाव्या हातानं त्याला थोपटत ती उजव्या बोटानं ‘क’ काढते. भाऊ हात मारतो, अक्षर पुसतं. ती धूळ सारखी करते आणि पुन्हा काढते. शिकवायला पंतोजी आहेत, कारण शिकलेली बाई आणायची कुठून? पोरींना वाचन, लेखन, हिशोब आणि शिवणकाम शिकवायचं. तुम्ही शाळाशाळांतून फिरता, धडे ऐकता, गळालेल्या मुलींच्या घरी जाता.

कारण मुली गळतातच. परवापर्यंत धडाधडा वाचणारी पोर आज आली नाही म्हणून तुम्ही तिच्या दारात उभ्या राहता. आई चुलीपुढून उठत नाही.

“लगीन ठरलं तिचं, बाई. आता कशाला साळा?”

मुलगी दाराआडून बघते. वय नऊ. तुम्ही काय बोलणार? दुसऱ्या दिवशी नवी मुलगी येते आणि बाराखडी पहिल्यापासून सुरू होते.

आणखी एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तुम्हाला पाठवलंय ते धर्मप्रसारासाठी, आणि गाव हे जाणून आहे. कुणाचा बाप्तिस्मा झाला की दुसऱ्या दिवशी शाळेतली चटई रिकामी पडते. आईबापांची भीती खोटी नव्हती. तुमची श्रद्धाही खोटी नव्हती. या दोहोंच्या मध्ये मुलींचं शिक्षण अडकलं होतं, आणि तरी ते थांबू न देणं हेच तुमचं रोजचं काम.

आता वर्षं भराभर सरू द्या. 1842 मध्ये मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच शहरातून निघू लागतं.

मग 1848 हे वर्ष येतं. त्या वर्षी पुण्याहून एक तरुण नगरला मित्राकडे, सदाशिवराव गोवंडे यांच्याकडे, आला आहे. दोघं मिळून तुमची शाळा पाहायला येतात. तरुणाचं नाव जोतीराव फुले. तुम्ही बॉस्टन सोडलंत त्याच वर्षी तो जन्मला. मुली वाचून दाखवतात, तो ऐकत राहतो. त्याच साली तो पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडतो. त्या शाळेच्या शिक्षिका, जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई, यांनी शिकवण्याचे धडे नगरला तुमच्या हाताखाली घेतले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पंतोजींवाचून पर्याय नसलेल्या तुमच्या शाळांना जी उणीव सतत जाणवत होती, शिकलेल्या बाईची, ती भरून निघायला पुण्यात सुरुवात झाली.

तुम्ही मात्र नगर सोडलं नाहीत. 1862 च्या जानेवारीत तुमचा शेवट इथेच झाला, आणि तोवर तुम्ही मुलींच्या शाळांतच होतात.