फोडायची काठी

एकाच वर्षातल्या दोन गोष्टींनी सुरुवात करतो. १८७५ च्या मे महिन्यात नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्याच वर्षी जबलपूरच्या लष्करी छावणीत, पाऊस थांबेना म्हणून कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. (इंग्लंडचा पुढचा पंतप्रधान तो हा नव्हे.) त्याने बिलियर्डच्या टेबलावर लाल बॉलच्या जुन्या खेळात आणखी रंगीत बॉल मिसळून पाहिले आणि स्नूकर जन्माला आले. पहिली गोष्ट मराठी माणसाला पाठ असते. दुसरी आपल्याच देशात घडली, तरी आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला ओळभरही जागा मिळाली नाही.

या दोन गोष्टींचा आपसात संबंध नाही. माझ्या डोक्यात त्या एकत्र आल्या त्या एका काठीमुळे. डिसेंबरात एल.टी.सी. घेऊन बहिणीकडे वडोदऱ्याला गेलो होतो. ती दांडिया बाजारात राहते. तिथे अजून जिन्यात मराठी ऐकू येते, आणि भाजीवाल्याशी गुजराती बोलता बोलता बाई मागे वळून मुलाला मराठीत दटावते. भाचा सयाजीराव विद्यापीठात शिकतो आणि संध्याकाळी पूल खेळतो. स्वतःचा क्यू त्याच्याकडे आहे. आता त्याला दुसरा हवा होता, फक्त ‘ब्रेक’ करण्यासाठी. शिकवण्या करून साठवलेले पैसे होते, पण घरात होकार मिळत नव्हता.

“दादा, तूच सांग त्याला,” बहीण म्हणाली. “एक काठी आहे ना घरात? दुसरी कशाला?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

बिलियर्ड हा मुळात अंगणातला खेळ. तो घरात टेबलावर आला तेव्हा बॉल ढकलायला पुढे जाड लाकडी ठोकळा असलेली दांडी वापरीत. बॉल टेबलाच्या कडेला चिकटला की तो ठोकळा आड येई. मग खेळाडू दांडी उलटी करून तिच्या बारीक टोकाने मारीत. या टोकाला, म्हणजे शेपटाला, फ्रेंचमध्ये ‘क्यू’ म्हणतात. पुढे ठोकळा गळून गेला आणि शेपूट तेवढे राहिले. आपल्याकडे पोर्तुगीज बोलणारी जुनी मंडळी खेळाला ‘बिल्यार’ आणि काठीला ‘ताकु’ म्हणत, तेव्हा गोव्यातल्या काही घरांत शेपटाची ही कथा पोचली नसेल. असो.

नुसत्या लाकडी टोकाची अडचण अशी की बॉलच्या मधोमध मारले तरच ते ठीक लागते, जरा बाजूला गेले की घसरते. त्यावर तोड काढली फ्रान्सच्या सैन्यातल्या मिंगो नावाच्या कप्तानाने, तीही तुरुंगात. राजकीय कारणावरून तो आत होता आणि तिथे बिलियर्डचे टेबल होते. काठीच्या टोकाला त्याने चामड्याची चकती लावली. १८०७ साली तो सुटला, तेव्हा त्याच्या हातात नवीच कला होती. बॉल पुढे जाऊन मागे फिरत होता, बाजूला वळत होता. शिक्षा संपल्यावरही सराव पुरा व्हावा म्हणून त्याने तुरुंगातच राहू द्या अशी विनंती केली, असे सांगतात. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मला हे अगदीच अशक्य वाटत नाही. पुढे चामड्यावर खडू घासायची रीत आली आणि घसरणे आणखी कमी झाले.

म्हणजे सव्वादोनशे वर्षे काठीची सगळी प्रगती एकाच दिशेने झाली: टोक मऊ करा, बॉलला क्षणभर धरून ठेवा, त्याला फिरकी द्या. ब्रेकचा क्यू मात्र नेमका उलटा चालतो. त्याला मऊपणा नको, फिरकी नको, नाजूकपणा तर मुळीच नको. पूलमध्ये बॉल त्रिकोणात किंवा चौकटीत घट्ट लावलेले असतात आणि पहिल्या फटक्याने ते टेबलभर उधळायचे असतात. मिंगोच्या चामड्याने हे काम रोज केले तर चामडे दबते, कडेने पसरते, आणि मग नाजूक फटक्याला ते उपयोगी पडत नाही. कोयत्याने नारळ सोलणारा माणूस त्याच कोयत्याने भाजी चिरीत नाही. बहिणीला हा दाखला लगेच पटला. पैशाचा मुद्दा मात्र तिने सोडला नाही.

इथे ‘ब्रेक’ या शब्दाने आपल्याकडे घोळ केला आहे. बिलियर्ड आणि स्नूकरवाल्यांच्या तोंडी ब्रेक म्हणजे एका पाळीत सलग केलेले गुण. १९९२ साली जागतिक व्यावसायिक स्पर्धेत अहमदाबादच्या गीत सेठी यांनी १२७६ चा ब्रेक केला, तो या अर्थाने. स्नूकरचा पहिला फटकाही ब्रेकच, पण तो कसा? लाल बॉलच्या ढिगाला कडेने हळूच स्पर्श करून पांढरा बॉल परत आपल्या बाजूला आणायचा, समोरच्याला काही मिळू द्यायचे नाही. स्नूकर जन्मले भारतात, त्याचे नियम १८८२ साली उटीच्या क्लबात भिंतीवर लागले, आणि आपल्या देशातली सगळी तालीम याच सावध चालीची झाली. त्यामुळे इथल्या जुन्या खेळाडूंना ब्रेकच्या क्यूची गरज कधी पडलीच नाही. अमेरिकी पूल शहरांतल्या गल्ल्यांत दिसू लागला तो साधारण १९९० नंतर. सयाजीरावांनी ग्रंथालये उभारायला बोर्डन नावाचा अमेरिकन तज्ज्ञ १९१० सालीच बडोद्याला आणला होता. अमेरिकेचे हे दुसरे वेड गावात मुरायला पुढे कितीतरी वर्षे लागली.

जोराने फोडायचे तर बॉलही तसा हवा. पूर्वी बॉल हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच निघत, आणि तेही तडकत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. हायट नावाच्या माणसाने सेल्युलॉइड काढले ते याच खटपटीतून. १९०७ साली बेकलंड यांनी बेकेलाइट शोधले. आजचे चांगले बॉल त्याच जातीच्या, फिनॉलिक राळेचे असतात. आणि कित्येक ब्रेक क्यूंच्या टोकालाही चामड्याऐवजी हीच राळ असते. बॉल ज्याचा, टोकही त्याचेच. कठीण वस्तू कठीण वस्तूवर आदळली की जोर वाया कमी जातो, एवढेच त्यातले शास्त्र. तोटा असा की मधोमध नाही लागले तर मिंगोच्या आधीच्या काळासारखे टोक घसरते. काही स्पर्धांत अशा टोकाला मनाई असते, तेव्हा घेण्याआधी विचारलेले बरे. चामड्याचे कडक केलेले टोकही मिळते. नव्या हाताला मी तेच सुचवीन.

भाच्याबरोबर अलकापुरीकडच्या एका दुकानात गेलो. तिथला विक्रेता जड काठीचा आग्रह धरीत होता. जड म्हणजे जोरदार, असा त्याचा सरळ हिशेब. भाच्याने तिथेच कागदावर आकडेमोड केली, ती मला आवडली म्हणून देतो. क्यू औंसांत मोजतात. बॉल सहा औंसांचा धरा. धक्का अगदी चोख बसला तर १९ औंसांच्या क्यूने बॉलला काठीच्या वेगाच्या १.५२ पट वेग मिळतो, २१ औंसांच्या क्यूने १.५६ पट. दोन औंस वाढवून फायदा दोन-अडीच टक्क्यांचा, तोही हात तितक्याच वेगाने फिरला तर. जड काठीने हात मंदावला की उरलासुरला फायदाही गेला. शिवाय आपल्या रोजच्या क्यूहून फार वेगळे वजन घेतले की हाताला दोन सवयी लावाव्या लागतात. म्हणून रोजच्याच वजनाचा, नाहीतर किंचित हलका क्यू घ्यावा. पुढची दांडी लवचीक नको, ताठ हवी, आणि जोड घट्ट बसलेला हवा. टेबलावर ठेवून घरंगळवताना टोक उड्या मारीत असेल तर काठी वाकडी आहे असे समजून खाली ठेवावी, मग तिच्यावर कितीही सुंदर नक्षी असो.

नक्षीवरून आठवले. वडोदऱ्याहून पन्नासेक किलोमीटरवर संखेडा आहे. पूर्वी ते वडोदरा जिल्ह्यातच होते, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेले. तिथले खरादी सागवानाला कातून, रंगवून, लाखेचा लेप देऊन खुर्च्या आणि झोपाळे करतात. आपल्या शेजारच्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची आठवण करून देणारे काम आहे. क्यूही असाच कातूनच करतात. स्नूकरच्या क्यूला पुढे अॅश आणि पूलच्या क्यूला मेपल लागते, ही दोन्ही परदेशी झाडे. पण हाताकडच्या जाड भागाला एबनी किंवा शिसव वापरतात, आणि शिसव म्हणजे आपल्या सह्याद्रीतलेच झाड. संखेड्याच्या कारागिराला कुणी क्यूची मागणी दिली तर तो काय करील, हे बघायला मला आवडेल.

आता बहिणीच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. तिचे खरे दुखणे काठीचे नव्हतेच, जागेचे होते. “पूल पार्लर म्हणजे उनाड पोरांचा अड्डा,” ती म्हणाली. तिच्या या बोलण्याला इतिहासाचा आधार आहे, हे मी तिला सांगितले तेव्हा तिला आश्चर्य वाटले. ‘पूल’ म्हणजे मुळात पैजेचा सामाईक गल्ला. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायच्या खोल्यांना पूलरूम म्हणत. पुढच्या शर्यतीचा निकाल येईपर्यंत गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून तिथे टेबले मांडली, आणि खोलीचे नाव खेळाला चिकटले. आपल्याकडे हाच खेळ दुसऱ्या दाराने आला. तो साहेबांच्या क्लबात आणि राजवाड्यांत राहिला. इंग्लंडचा विख्यात खेळाडू जॉन रॉबर्ट्स याला तर जयपूरच्या महाराजांनी दरबारी बिलियर्डपटू नेमले होते. म्हणजे एकीकडे जुगाराचा डाग, दुसरीकडे श्रीमंतीचा तोरा. सामान्य घरातल्या मुलाला दोन्हींत जागा नव्हती.

तरीही ती काहींनी केली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने कोणत्याही खेळात मिळवलेले ते पहिले वैयक्तिक जगज्जेतेपद मानतात. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. त्यांच्यानंतर मुंबईचे मायकेल फरेरा, १९७७, १९८१ आणि १९८३ चे विजेते. हे आडनाव गोंयकाराच्या कानाला घरचे वाटते. १९८१ साली त्यांनी पद्मश्री नाकारली, कारण गावसकरांना पद्मभूषण दिले असताना जगज्जेत्याला त्याहून खालचा किताब का, असा त्यांचा सवाल होता. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. नाराजीचा अर्ज कसा करावा हे आमच्या खात्यातल्या मंडळींनी त्यांच्याकडून शिकावे.

हे सगळे ऐकून बहीण थोडा वेळ गप्प होती. मग तिने दोन अटी घातल्या: पैसे लावून खेळायचे नाही, आणि नऊच्या आत घरी. भाच्याने १९ औंसांचा, कडक चामड्याच्या टोकाचा क्यू घेतला.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. वडोदऱ्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, आपली तशी नाही. जूनपासून लाकूड पाणी पिते. क्यू भिंतीला टेकून उभा ठेवू नये, तो आपल्याच भाराने वाकतो. ओल्या फडक्याने पुसू नये, आणि उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नये. जोड सोडवून, दोन्ही भाग पेटीत आडवे ठेवावे, आणि ती पेटी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको.